ती पाटी शेतकऱ्याच्या शेजाऱ्यासाठी आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे अर्ध्या एकरावरचं घर घेतलं. गावात शिरताना 'राइट टू फार्म कम्युनिटी' अशी पाटी लागते आणि घर घेताना त्याच विषयाच्या एका कागदावर सह्याही घेतल्या होत्या. यजमान एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात. ताई एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहेत, कामाचा परवाना आहे. सासूबाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. सासरे गेल्यापासून दर वर्षी मे ते ऑक्टोबर इकडे राहतात. पहिल्या वर्षी त्या दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. २०२५ च्या वसंतात अंडी महागली तेव्हा घरात पिल्लं आणली आणि सासूबाई बोलत्या झाल्या. आज नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. धाकट्याने कोंबड्याचं नाव 'सरपंच' ठेवलं आहे.

दोन आठवड्यांपूर्वी गावच्या बोर्ड ऑफ हेल्थचं पत्र आलं. शेजाऱ्यांची तक्रार आहे: पहाटेचं आरवणं आणि कुंपणाजवळ दिसलेले मोठे उंदीर. नियमाप्रमाणे एक एकराहून लहान जागेवर कोंबड्यांना परमिट लागतं, सहाच्या वर कोंबड्या चालत नाहीत, कोंबडा चालत नाही आणि खुराडं हद्दीपासून पंचवीस फूट आत हवं. तीस दिवसांची मुदत आहे. यजमान म्हणतात, शेतीचा हक्क असलेल्या गावात ही बंदी कशी? वकील करू, नाहीतर मराठी मंडळींना अंडी विकून फार्म म्हणून नोंदणी करू. शेजाऱ्यांनी आपण बाहेरचे म्हणूनच हे केलं, असंही त्यांना वाटतं. ताईंना वाटतं, सगळ्या कोंबड्या देऊन टाकाव्यात आणि सुटावं. पण सासूबाईंना काय सांगायचं?

प्रिय ताई,

बोर्डाच्या पत्रातला मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात ते फार बरं केलंत, कारण त्यात कोंबड्या काढून टाका असं कुठेच म्हटलेलं नाही. परमिट घ्या, सहावर या, कोंबडा हलवा, खुराडं आत सरकवा, एवढंच आहे. सहा कोंबड्या ठेवायला तुमचं गाव राजी आहे. घरात मात्र बोलणं चाललंय ते सगळं राखायचं की सगळं सोडायचं, असं. यजमान एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या, आणि मधली जागा, जी बोर्डाने स्वतःच दाखवली आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. मी जे काही पुढे लिहिते आहे ते त्या मधल्या जागेबद्दल आहे.

आधी पाटीबद्दल बोलू, कारण यजमानांचा राग तिथून सुरू होतो. त्यांनी कायदा वाचलाय आणि बरोबर वाचलाय. राज्याच्या कायद्यातल्या प्रकरण १२८, कलम १ए मध्ये शेतीची व्याख्या आहे आणि तिच्यात कोंबड्या पाळणं येतं. पण व्याख्येत बसणं ही एक गोष्ट झाली. संरक्षण कोणाला आणि कशापासून, हे दुसऱ्या कलमांत लिहिलेलं आहे. झोनिंगचं, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची ते ठरवणारं प्रकरण ४०ए, कलम ३ सांगतं की व्यापारी शेतीवर गावाने अवाजवी बंधनं घालायची नाहीत. जिथे शेतीसाठी झोन नाही, तिथे हे संरक्षण मिळायला जागा पाच एकर तरी लागते, किंवा दोन एकर आणि एकरी किमान १,००० डॉलरची वार्षिक विक्री. तुमची जागा अर्धा एकर आहे. दुसरं कलम आरोग्याच्या प्रकरण १११ मधलं १२५ए. शेतावर नेहमीच्या पद्धतीने जनावरं राखताना येणारा वास आणि आवाज यांना बोर्डाने उपद्रव ठरवू नये, असं ते म्हणतं. तिसरं प्रकरण २४३, कलम ६. वर्षाहून जास्त चाललेल्या फार्मवर शेजाऱ्याने नेहमीच्या शेतीकामावरून उपद्रवाचा दावा लावू नये, असं त्यात आहे. तिन्ही ठिकाणी डोळ्यांसमोर चालतं शेत आहे, ज्याच्यावर कोणाचं तरी पोट आहे. आणि त्याच प्रकरण १११ चं कलम ३१ बोर्ड ऑफ हेल्थला आरोग्यासाठी वाजवी नियम करायचा अधिकार देतं. तुमच्या गावाने तो वापरलाय.

मग गावचा राइट टू फार्म बायलॉ, म्हणजे गावाने स्वतः केलेला नियम, काय करतो? टाउन हॉलमधून त्याची प्रत आणा आणि पहिलं पान बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावांत हा बायलॉ आहे, त्यांतल्या बहुतेकांनी तो एकाच नमुन्यावरून केलाय. त्यात राज्याच्या कायद्याने आधीच दिलेला हक्क गाव ठासून पुन्हा सांगतं. नवा हक्क त्यातून फारसा जन्माला येत नाही. नवं असतं ते दोन गोष्टींत. पहिली म्हणजे घर घेताना तुम्ही सही केलेला तो कागद. आठवून बघा, त्यात साधारण असं होतं: तुम्ही ज्या गावात घर घेताय तिथे शेती चालते, तिच्यामुळे आवाज, धूळ, वास येऊ शकतो.

ताई, तो कागद तुम्हाला शेतकरी समजून दिलेला नव्हता. शेताशेजारी राहायला येणारं कुटुंब म्हणून दिला होता. वेशीवरची पाटीही त्याच अर्थाने आहे. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत राइट टू फार्मचे कायदे आहेत आणि त्यातले बहुतेक १९७० आणि ८० च्या दशकांतले. त्या काळात शहरं पसरत शेतांना भिडली, शेजारी नवी घरं झाली आणि नव्याने आलेली माणसं शेणाच्या वासावरून, पहाटेच्या ट्रॅक्टरवरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांना कोर्टात खेचू लागली. हे कायदे त्या शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहायला आले. मला ते कायदे मनापासून पटतात. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीवर चोरासारखं का वागावं? पण म्हणूनच त्यांचा आधार अर्ध्या एकराच्या वसाहतीत कोंबडा ठेवायला घेऊ नये, असंही वाटतं. अशा प्रत्येक ताणाताणीत त्या कायद्यांबद्दलची लोकांची सहानुभूती थोडी थोडी कमी होते आणि त्याची किंमत शेवटी खरा शेतकरी मोजतो.

मिशिगनमध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या वाचकांनी हे लक्षात घ्यावं. तिथला राइट टू फार्म कायदा १९८१ चा आहे आणि पुढे तो दुरुस्त होऊन गावांच्या नियमांवर मात करू लागला. परसात चार कोंबड्या ठेवणारे लोकही त्याच्या आधाराने गावाविरुद्ध उभे राहू लागले. २०१४ मध्ये राज्याच्या कृषी आयोगाने मार्गदर्शक पद्धती बदलल्या आणि मुख्यतः राहत्या वस्तीतल्या जागा त्या संरक्षणातून बाहेर पडल्या. तिथे आता गावचा नियम बघावा लागतो. न्यू जर्सीच्या कायद्यात तर व्यापारी फार्मची व्याख्याच आकड्यांत आहे: साधारणपणे पाच एकर जागा आणि वर्षाला २,५०० डॉलरचं उत्पादन. आणि हाउसिंग असोसिएशन असेल तिथे हे सगळं वाचायच्या आधी असोसिएशनचा करार काढा. तुम्ही सही केलेला करार पाटी बघून सैल होत नाही.

उलट सॉमरव्हिल बघा. बॉस्टनला चिकटलेलं, घरावर घर असलेलं शहर. पण २०१२ पासून तिथे परमिट घेऊन सहा कोंबड्या ठेवता येतात, कोंबडा नाही. म्हणून घर बघायला निघालेल्या मंडळींना माझं सांगणं आहे की पाटीवरून काही ठरवू नका. टाउन हॉलला फोन करून दोन प्रश्न विचारा: बोर्ड ऑफ हेल्थचे प्राणी पाळण्याचे नियम काय आहेत, आणि या पत्त्यावर झोनिंग काय म्हणतं? दोन्ही वेगळी खाती आहेत. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याचंही हो, असं धरून चालू नका.

आता अंडी विकून फार्म होण्याबद्दल. हा मार्ग मी तुम्हाला अजिबात सुचवणार नाही. एकतर दोन एकरांची अट विक्रीने पुरी होत नाही, कितीही डझन अंडी विकलीत तरी. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. यजमान एच-वन-बीवर आहेत. त्या व्हिसावर माणसाने ज्या कंपनीने अर्ज केला तिच्यासाठीच काम करायचं असतं. स्वतःच्या नावावर अंड्यांचा धंदा नोंदवणं ही ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने घ्यावी अशी जोखीम नव्हे. तुमच्या एच-फोरच्या परवान्यावर स्वतःचा व्यवसाय करता येतो हे खरं, पण तो परवाना त्यांच्याच व्हिसावर टेकलेला आहे. तरीही कधी विचार केलात तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग टाउन हॉलला. सासूबाई पाहुण्यांच्या व्हिसावर येतात, त्यांना तर या विक्रीत कुठेच आणू नका. मैत्रिणीला सहा अंडी प्रेमाने देणं हा धंदा नाही, ते खुशाल चालू द्या.

वकिलाचे पैसेही मी या प्रकरणात घालणार नाही. तुमची तीन एकर जागा असती, भाजी आणि अंडी विकून खरंच उत्पन्न होत असतं आणि तरी गावाने कोंबड्या बंद केल्या असत्या, तर पहिला सल्ला वकिलाचाच दिला असता.

मगाशी म्हटलं ना, त्या बायलॉमध्ये दोन नव्या गोष्टी असतात. दुसरी आहे तंटा मिटवायची वाट, आणि तीच तुमच्या कामाची आहे. बहुतेक राइट टू फार्म गावांत ॲग्रिकल्चरल कमिशन असतं. गावातलेच शेतकरी, बागवाले, घोडेवाले लोक त्यावर बसतात. शेतीवरून शेजाऱ्यांत वाद झाला तर ते दोन्ही बाजू ऐकतात आणि बोर्डाला आपलं मत कळवतात. त्यांच्या हातात हुकूम काढायचा अधिकार नसतो, पण कोंबड्या त्यांना कळतात आणि बोर्डाची माणसं त्यांच्या ओळखीची असतात. त्यांना ईमेल करा. 'आम्हाला नियमात बसायचं आहे, खुराडं कुठे सरकवावं आणि उंदरांचं काय करावं, कोणी येऊन बघेल का?' एवढं लिहा. भांडायचंय असं लिहिलंत तर ते सावध होतील. मदत मागितलीत तर बहुधा कोणीतरी घरी येईल.

बोर्डाच्या पत्रात हियरिंग (सुनावणी) मागायची तारीख असेल तर ती आजच बघा. ती तीस दिवसांच्या आधीची असू शकते. टळून गेली असली तरी फोन करा आणि लेखी वेळ मागा. परमिटच्या अर्जाबरोबर जागेचा साधा नकाशा द्या, हद्द आणि खुराडं यांमधलं अंतर टेपने मोजून लिहा. नऊच्या सहा करण्यासाठी थोडी सवलतही मागता येईल: आहेत त्या नऊ राहू द्याव्यात, पुढे एखादी गेली तर सहा होईपर्यंत नवी आणणार नाही. बोर्ड हो म्हणेलच असं नाही, पण कोंबडा गेलेला आणि उंदीर आटोक्यात आलेले दिसले तर तुमचं म्हणणं ऐकायला ते जास्त तयार असतील.

म्हणजे आधी उंदीर. उंदीर कोंबड्यांना येत नाहीत, दाण्याला येतात. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मका आणि उरलेला भात अंगणात फेकतात असं तुम्ही लिहिलंय. गावाकडे ते बरोबरच होतं, तिथे मांजरं असायची, दिवसभर टिपून कोंबड्या दाणा संपवायच्या. इथे संध्याकाळी उरलेला दाणा रात्रीची पंगत होतो. दाणा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. कोंबडीने पायरीवर पाय दिला की उघडणारं पत्र्याचं फीडर मिळतं, ते घ्या. रात्री अंगणात एक दाणाही राहता कामा नये. खुराड्याला जी षटकोनी जाळी लावलीत ती कोंबड्यांना आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. तिथे अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाड जाळी लावा, आणि तीच जमिनीखाली फूटभर गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती घाला. रॅकून आणि कोल्हेही त्याने अडतात. खुराडं पंचवीस फूट सरकवायचंच आहे, तर ही सगळी कामं एका शनिवार-रविवारी उरकतील.

बोर्ड इतकं काटेकोर का, याचंही एक कारण सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानातल्या टर्कीच्या फार्मवर बर्ड फ्लू सापडला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या घरगुती कोंबड्यांतही. तो जंगली बदकं आणि हंसांबरोबर फिरतो. सासूबाईंना २००६ मधलं नवापूर आठवत असेल, नंदुरबारच्या त्या कोंबड्यांच्या बातम्या तेव्हा घरोघरी होत्या. तो शब्द त्यांना परका नाही, तेव्हा त्यांना नीट सांगा: तळ्याकाठी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, पाणी उघड्यावर ठेवायचं नाही, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या आणि त्या स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत. धाकटा 'सरपंच'ला कवटाळून त्याचा मुका घेतो, हे वाचून मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. कोंबड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, कोंबडी ठणठणीत दिसली तरी. मुका नाही, आणि हात साबणाने, दर वेळी.

आता शेजारी. ते तक्रार करतात ते आपण भारतीय म्हणून, ही यजमानांची शंका मी झटकून टाकणार नाही. असं घडतं, आणि ज्याला भोगावं लागतं त्याला बाहेरच्याने 'तुझा गैरसमज आहे' म्हणणं बरं नाही. पण शंकेला तपासायची सोय आहे. गावात किती घरांना परमिट आहे, अशी पत्रं आणखी कोणाला गेली, ही सार्वजनिक नोंद आहे. टाउन क्लार्ककडे लेखी मागितली तर राज्याच्या कायद्याप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नियम फक्त तुम्हालाच लावलेला निघाला तर तो वेगळा विषय होईल आणि तेव्हा मीसुद्धा वकिलाकडे जा म्हणेन.

तोवर तुमच्याच पत्रातलं एक वाक्य बघा. शेजारच्या काकूंची केमोथेरपी चालू आहे असं तुम्ही मध्येच लिहून गेलात. जूनमध्ये तुमच्याकडे पहाटे साडेचारलाच फटफटतं आणि कोंबडा त्याच्याही आधी सुरू होतो. रात्रभर मळमळून पहाटे डोळा लागलेल्या बाईला तो आवाज कसा जात असेल? त्यांनी आधी तुमचं दार वाजवायला हवं होतं, हे खरं. पण चार वर्षांत त्यांच्या दाराशी तुम्हीही गेला नाहीत असं पत्रावरून दिसतं. आता जा. यजमानांबरोबर जा, संध्याकाळच्या वेळी, पाच मिनिटांसाठी. कायद्याचा विषय काढू नका. 'कोंबड्याला दुसरी जागा शोधतोय, उंदरांसाठी आम्ही जाळी बदलतोय, त्रास झाला, माफ करा. पुन्हा काही वाटलं तर हा आमचा फोन नंबर,' इतकंच. एक मात्र सांभाळा. अशा वेळी आपल्याला हातात अंडी घेऊन जावंसं वाटतं. केमोवर असलेल्या माणसाच्या घरी घरची अंडी नेऊ नका, त्यांना जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. फुलं न्या.

कोंबड्याचा निकाल मी आधीच लावून टाकलाय हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो जायला हवा, परमिटसाठीही आणि त्या काकूंसाठीही. अंडी कोंबड्याशिवाय तशीच मिळतात, हे सासूबाईंना सांगायची गरज नाही, तुमच्या आधीपासून त्यांना ठाऊक आहे. त्यांना कोंबडा हवा असेल तो पिल्लांसाठी, खुडूक कोंबडी बसवायची म्हणून. कोंबड्याला जागा शोधायला वेळ लागतो, कारण पिल्लं घेताना माद्या म्हणून घेतलेल्यांत एखादा नर निघतोच आणि मग सगळ्यांना एकाच वेळी तो कोणाला तरी द्यायचा असतो. फीड स्टोअरच्या फळ्यावर चिठ्ठी लावा, ॲग्रिकल्चरल कमिशनला विचारा, मोठ्या जागेवर कळप असलेल्या कोणाला नर हवा असू शकतो. रानात नेऊन सोडू नका, ते क्रूर आहे. घेणाऱ्याने तो कापला तर चालेल का, हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवा आणि देताना स्पष्ट बोला. धाकट्याला 'तो फार्मवर मजेत आहे' असं सांगणार असाल तर ते खरं असेल तरच सांगा. सहा-सात वर्षांच्या मुलाला खरं झेपतं. खोटं सांगितलेलं नंतर कळलं तर ते मात्र राहतं मनात.

आता सासूबाई, आणि खरं तर तुम्ही. तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओझरतं वाक्य आहे: जानेवारीत पाणी गोठायचं म्हणून मी रात्री झोपायच्या आधी बूट चढवून गरम पाण्याची किटली घेऊन बाहेर जायचे. ते वाचून मी थांबले. सासूबाई मे ते ऑक्टोबर असतात. कोंबड्या बारा महिने असतात, आणि सांभाळल्या तर सहा-आठ वर्षंही जगतात, अंडी दोन-तीन वर्षांनी कमी झाली तरी. उरलेले सहा महिने, बर्फातले, तुमच्या वाट्याला आहेत. सगळ्या देऊन सुटावं असं तुम्हाला वाटतं ते बोर्डाच्या पत्रामुळेच, याची मला खात्री नाही. दमलेल्या माणसाला आलेलं सरकारी पत्र ही सुटकेची वाटही वाटू शकते. तसं असेल तर त्यात काही वाईट नाही, पण ते बोर्डाच्या नावावर न घालता घरात बोला. यजमान हक्कासाठी इतके तळमळीने बोलतात, तर डिसेंबर ते मार्च रात्रीचं पाणी त्यांच्याकडे द्या. खालून गरम राहणारं पाण्याचं भांडं घ्या, बाहेर वापरायच्या वायरसकट. तापवायचा लाल दिवा मात्र खुराड्यात लावू नका, दर हिवाळ्यात त्याने आगी लागतात. तुमच्याकडच्या जाती थंडी सोसतात.

त्या जातींबद्दल तुम्ही लिहिलंय की नऊपैकी पाच ऱ्होड आयलंड रेड आहेत. महाराष्ट्रात सरकारी अंडी उबवणी केंद्रांतून 'आर.आय.आर.' म्हणून जी पिल्लं खेडोपाडी गेली ती हीच. इथे, ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेवरच्या शेतांत एकोणिसाव्या शतकात ही जात घडली. सासूबाईंनी तिकडे बघितलेली कोंबडी तुमच्या परसातच माहेरवाशीण आहे, हे त्यांना सांगा. पण सांगायचं त्याहून विचारा जास्त. नऊतल्या कोणत्या सहा ठेवायच्या हे त्यांनाच ठरवू द्या. कोणती नियमित घालते, कोणती दुसरीला टोचते, कोणती खुडूक होते, हे तुमच्यापेक्षा त्यांना कळतं. 'सरकारने कोंबड्या काढायला सांगितल्या' असं परस्पर जाहीर केलंत तर त्या गप्प बसून मान्य करतील आणि पुन्हा खिडकीशी जातील. 'आई, सहा ठेवायच्या आहेत, तुम्ही निवडा, आणि खुराडं कुठे बसवू ते दाखवा,' असं म्हणालात तर त्या काठी घेऊन तुमच्याबरोबर हद्द मोजायला येतील. अंड्यांसाठी सहा कोंबड्या पुष्कळ आहेत, ऐन भरात दिवसाला चार-पाच मिळतात.

एवढं करूनही तुम्हाला नियम चुकीचा वाटला, अर्ध्या एकराला आठ कोंबड्या चालायला हव्यात असं वाटलं, तर ते बोलायची जागा आहे. हा नियम बोर्ड ऑफ हेल्थने केलाय, टाउन मीटिंगने, म्हणजे गावच्या मतदारांच्या सभेने नाही, म्हणून बोर्डाच्याच बैठकीत बोलावं लागेल. बैठका सगळ्यांना खुल्या असतात आणि विषयपत्रिका किमान ४८ तास आधी लावलेली असते. वार्षिक टाउन मीटिंगमध्ये विषय आणायचा तर दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. तुम्ही दोघं नागरिक नाही, तेव्हा तुमची सही चालणार नाही. पण अध्यक्षांची परवानगी घेऊन बोर्डासमोर बोलायला नागरिकत्व लागत नाही. गावात आणखी कोंबड्यावाले असतीलच, मगाशी सांगितलेल्या परमिटच्या नोंदींवरून ते सापडतील. त्यांच्यातला जुना गावकरी आणि तुम्ही, असे मिळून गेलात तर जास्त बरं. सासूबाईंनाही न्या, त्या मराठीत बोलतील, तुम्ही सांगा.

या आठवड्यात मात्र तीनच कामं: हियरिंगची तारीख बघणं, ॲग्रिकल्चरल कमिशनला ईमेल, आणि शेजाऱ्यांच्या दारावर जाणं. तोवर 'सरपंच' रात्री गॅरेजमध्ये, अंधारात ठेवा. सकाळी आठच्या आधी त्याला बाहेर काढू नका.